पाणी पाजलेले पाटे

आमच्या घरात मार कोणीच खाल्ला नाही. आमच्या घरात माणसं पडायची. माय विहिरीवर पडायची, गोठ्यात पडायची, एकदा तर जात्यावर बसल्या बसल्या पडली आणि तिचा कानामागचा भाग फुटला. भाऊ लिंबाच्या झाडावरून पडायचा, आणि मला दाराची चौकट लागायची. माझ्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर जी खूण आहे तिची चौकट अजून सापडायची आहे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारणारा एकही माईचा लाल नव्हता, कारण आबा, आमचे वडील, म्हणजे गावाचा देवमाणूस. दारूला शिवत नव्हते, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सकाळी पूजा केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. गावातली भांडणं त्यांच्या ओसरीवर मिटायची आणि लोक त्यांच्या पाया पडून घरी जायचे. घरात मात्र त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून खुंटीला अडकवलं की आम्ही तिघं श्वास धरायचो. चांगलं इस्त्रीचं उपरणं, ते मळू नये म्हणून आधी बाजूला ठेवायचे. मग मारायचे. मग हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि माय सुजलेल्या हातांनी त्यांना भाकरी वाढायची.

त्या घराचे आवाज मी आजही ओळखीन. पहाटे सरकीच्या टोपल्यावर बैलांच्या तोंडाचा आवाज, मग चुलीजवळ मायच्या हातातली ज्वारीची भाकर, थपथप थपथप. ती थपथप चालू असली की सगळं ठीक. मध्येच थांबली की भाऊ आणि मी जिथे असू तिथे थांबायचो. परत सुरू झाली तर झाली, नाही झाली तर आम्ही समजून जायचो. आंबाडीची भाजी, कण्या, वर कच्च्या तेलाची धार आणि वाटीभर ठेचा, असं साधं खाणं होतं, पण मायच्या हाताला चव होती. तिच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती, तरी भाकर गोल यायची. मी पुढे अमरावतीला नोकरी केली, घर केलं, गॅस आला, मला काही तशी भाकर जमली नाही.

जीप घरात आली ती आमच्या नदीपलीकडच्या शेतामुळे. गाव बार्शीटाकळी आणि पातूरच्या मधल्या अंगाला, आणि चांगली काळी जमीन सगळी पातूरच्या डोंगराखाली. मध्ये नदीचं पात्र, त्यात बैलाच्या डोक्याएवढे धोंडे. पावसाळ्यात गाडीची चाकं आसापर्यंत चिखलात जायची, आबा बैलांना टोकाला खिळा असलेल्या तुतारीने असे टोचायचे की त्यांच्या पुठ्ठ्यांवरून रक्ताच्या रेघा निघायच्या. लढाईत वापरलेल्या जुन्या जीपा तेव्हा लिलावात मिळायच्या. तशी एक आबांनी आणली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, कॅनव्हासच्या टपाला दोन भोकं असलेली. ती गोळीची की उंदराची यावर गावात बरेच दिवस वाद चालला. आबांना त्या जीपनं नवं वेड लावलं. त्यांचे शिकारीचे सोबती यायचे, डोंगरात जायचे, आणि परतताना बॉनेटवर रानडुक्कर बांधलेलं असायचं. त्याचं रक्त गरम पत्र्यावर वाळून काळं व्हायचं आणि ते खरवडून धुवायचं काम माझं. मात्र एक गोष्ट त्या वेडातून मला मिळाली. भाऊनं मला कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या मोकळ्या शेतात जीप शिकवली, आणि आबांनी ते पाहून नाही म्हटलं नाही. उलट पातूरच्या बाजारात दोस्तांना सांगायचे, माही पोरगी जीप हाकलते. पोरीचा अभिमान होता की जीपचा, ते देव जाणे.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याला शेतीत रस नव्हता, त्याचे हात यंत्राचे होते. संक्रांतीनंतर अमरावतीला बस दुरुस्तीच्या कारखान्यात माणसं घेणार होते आणि हाताने काम करून दाखवायची परीक्षा होती. भाऊनं आबांना न विचारता अर्ज केला होता. ते मला आणि मायला माहीत होतं. परीक्षा पास झाली की तो त्या घरातून सुटणार होता, आणि मी मनाशी धरलं होतं की तो सुटला की तो मला आणि मायलाही बाहेर काढेल. आमच्या तिघांचं पुढचं सगळं त्याच्या दोन हातांवर होतं.

त्या वर्षी नवरात्रात एका बारशाला जीप गेली. मागे आबांचे चार सोबती, आहेराची भांडी आणि गुळाच्या भेल्या. मांडवापुढे जीप थांबली तेव्हा तिचा मागचा भाग पार खाली बसला होता आणि तोंड वर. व्याही मंडळींत कोणीतरी म्हणालं, आबासाहेबांची जीप तर कुत्र्यासारखी बसते. सगळे हसले, आबाही हसले. घरी आल्यावर त्यांनी उपरणं खुंटीला लावलं आणि त्या दिवशी भाऊ लिंबावरून पडला, कारण जीप त्याच्या ताब्यात होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अकोल्याला जा आणि हिच्यासाठी पाटे पाहून आण, मागून बसली नाही पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जीपच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते, एकाखाली एक लहान होत गेलेले पाटे. धक्का बसला की कमान सरळ होते आणि परत वाकते. तिला आवरायला बाजूला नळकांड्यासारखे शॉकप असतात. अकोल्याच्या भंगार बाजारात भाऊ आणि मी अख्खी दुपार घालवली. काळी पडलेली सूज घेऊन तो एकेक पाटा उचलायचा, दगडावर ठोकायचा, कान लावून ऐकायचा, कमानीला कमान लावून पाहायचा. एका उभ्या जीपच्या मागच्या बंपरवर त्यानं मला उड्या मारायला लावलं. लुगडं खोचून मी भर बाजारात उड्या मारते आहे आणि माणसं पाहतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जीप डोलतच राहिली. मग नवे शॉकप लावलेल्या दुसऱ्या जीपवर उडी मारायला लावली. ती एकदा खाली गेली, वर आली आणि गप्प उभी राहिली. भाऊ म्हणाला, "पाह्य सुमे, धक्का एकदाच खाल्ला पाहिजे. आठवून आठवून नाई." आम्ही दोघंही हसलो. आमच्या घरात वाढलेल्यालाच ते हसू येणार. आम्ही जीपचेच, मऊ पण एकसारखे पाटे निवडले, जास्त वजनासाठी एक जादा पाटा घेतला आणि शॉकपची नवी जोडी. चिवडा खाल्ला. त्या दिवशी भाऊ येताना गाणं म्हणत होता.

घरी आलो तर अंगणात लोहारानं भाता मांडलेला आणि त्यापुढे आबा उभे. शिकारीच्या सोबत्यांनी त्यांना अक्कल शिकवली होती की जीपचे पाटे म्हणजे पोरखेळ, ट्रकचे घाला. एका मोडक्या ट्रकचे पाटे त्यांनी आणले होते. ते जीपला रुंद आणि लांब, म्हणून लोहाराकडून लाल करून छिन्नीने कापून घेत होते, आणि कापलेला पाटा लाल असतानाच पाण्याच्या दगडी कुंडीत बुडवत होते. दर पेरणीच्या आधी आमच्याकडे नांगराच्या फाळाला असंच पाणी पाजतात, त्याशिवाय काळ्या जमिनीत फाळ टिकत नाही. फाळाला जे चांगलं ते पाट्याला चांगलं, असा सरळ हिशोब. लोहार मान खाली घालून काम करत होता, त्याला फाळाचंच ठाऊक. कुंडीतून वाफ यायची आणि आबा समाधानाने म्हणायचे, आता बसते कशी पाहू. भाऊनं हातातले शॉकप खाली ठेवले आणि हळूच म्हणाला की आबा, फाळाले वाकाचं नसते, पाट्याले वाकाचंच काम असते. आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आमचे पाटे गोठ्यात कडब्याखाली गेले. ट्रकचे पाटे भाऊनंच जीपला बसवले, आबांच्या देखत. मागून जीप इतकी उंच झाली की ती आता पुढे तोंड घालून काही शोधते आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. नांगर, वखर, विळे, बंदुका ओळीनं मांडल्या, आणि मध्ये धुतलेली जीप, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सकाळी सकाळी आबांचे सोबती आणि गावातली बरीच मंडळी अंगणात होती. मायनं पुरणाचा घाट घातला होता आणि मी नारळ घेऊन उभी होते. नारळ फोडून झाल्यावर एका सोबत्यानं मागच्या पाट्यावर थाप मारली आणि भाऊला विचारलं की आता डोंगर चढन का नाही. तो खवचटपणे विचारत होता की साधेपणाने, मला अजून ठरवता येत नाही. भाऊनं त्याच्याकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं, आणि सरळ म्हणाला,

"हे पाटे तुटतीन, आबा. नदीतच तुटतीन."

दसऱ्याच्या दिवशी, पूजेतल्या वस्तूबद्दल, चार माणसांत, तुटतील म्हणणं. आमच्याकडे त्या दिवशी अपशकुन नको म्हणून कुणी रिकामा डबासुद्धा हातात धरत नाही. आबांनी उपरणं काढलं. खुंटी जवळ नव्हती म्हणून जीपच्या आरशाला अडकवलं, नीट घडी करून, आणि कापून उरलेला ट्रकच्या पाट्याचा तुकडा पडला होता तो उचलला. पहिला घाव भाऊनं उजव्या हातावर घेतला, डोकं वाचवायला हात वर केला होता म्हणून. तो आवाज ओल्या फांदीचा होता. दुसरा घाव त्याच हातावर. तिसरा खांद्यावर पडला आणि भाऊ हळदकुंकवाच्या ताटात कोसळला. हे सगळं भर उन्हात, माळा घातलेल्या जीपशेजारी. माणसं उभी होती. एकानं सुद्धा आबांचा हात धरला नाही. मी धरायला गेले तर आबांनी मला कोपरानं असं ढकललं की माझा ओठ दातांत फाटला. भाऊचा हात कोपरापासून खाली, जिथे वळायला नको तिथे वळला होता. मला त्याच्या दुखण्याआधी अमरावतीची परीक्षा आठवली. हे मी लाज न बाळगता सांगते, कारण त्या क्षणी त्याच्या हाताइतकं दुसरं काहीच आमच्याजवळ नव्हतं.

मायनं टोपलीची कामटं तोडली, आबांचंच ते उपरणं आरशावरून ओढलं आणि भाऊचा हात बांधला. गावात जीप चालवणारे तीनच, आबा, भाऊ आणि मी. आबा हातातला तुकडा धरून जागेवरच उभे होते. मी स्टिअरिंगवर बसले. आबा मागे भाऊला मांडीवर घेऊन बसले. बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. अंगणातून निघताना झेंडूची माळ चाकाखाली गेली.

दवाखाना अकोल्याला आणि सडक नदीपलीकडे. नदीपर्यंतचा रस्ता गाडीवाटेचा, दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. पाणी पाजलेल्या त्या पाट्यांनी वाकायचं नावच घेतलं नाही. प्रत्येक खड्डा चाकातून निघून थेट भाऊच्या हाडात जात होता. मी कितीही हळू नेली तरी मागून त्याचा आवाज यायचा. सुरुवातीला तो दात दाबून होता, मग ओरडायला लागला, मग ओरडायचंही थांबला आणि नुसतं मायला हाक मारायला लागला. आबा म्हणाले, हळू. थोड्या वेळानं परत म्हणाले, हळू ने ना बाई. त्यांनी मला आयुष्यात एकदाच बाई म्हणून हाक मारली, ती त्या वेळी. मी मागे पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, प्रत्येक धक्क्याला मला वाटत होतं की ऐका, नीट ऐका, हे तुमचेच पाटे आहेत.

नदीच्या पात्रात मधोमध, दोन धोंड्यांवरून उतरताना बंदुकीसारखा बार झाला आणि जीप मागच्या डाव्या अंगावर खाली बसली. भाऊ बेशुद्ध झाला होता म्हणून त्यानं ते ऐकलं नाही. आबांनी ऐकलं. मी उतरून खाली वाकून पाहिलं. खालचे दोन पाटे काचेसारखे तुटले होते, तुटलेला भाग आतून राखाडी आणि दाणेदार. फक्त वरचा पाटा धरून होता. तो गेला असता तर आम्ही तिथेच बसलो असतो आणि भाऊचा हात कापायची वेळ आली असती. भाऊनं मला एकदा सांगितलं होतं की पाटा गेला तर आस आणि गाडीची लोखंडी चौकट यांच्या मध्ये लाकूड ठोकायचं. मी उभी राहिले. माझा ओठ सुजून नाकाला लागला होता.

मी म्हटलं, "आबा, खाली उतरा. लाकूड शोधा. उलीसं नाई, चांगलं मोठं."

माझ्या तोंडून त्यांना हुकूम गेला होता आणि आम्हा दोघांनाही तो ऐकू आला. ते उतरले. काठावर बाभळीचं पडलेलं खोड होतं, त्याचा ओंडका त्यांनी दगडावर आपटून आपटून मोडला, आणि दसऱ्याच्या नव्या धोतरानिशी जीपखाली चिखलात उताणे पडून तो धोंड्यानं ठोकून बसवला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. मी फडकं दिलं नाही. त्यापुढे अकोल्यापर्यंत जीप म्हणजे बैलगाडीच होती, पण सडक लागल्यावर रस्ता जरा बरा होता आणि भाऊ शुद्धीवर येऊन कण्हत राहिला.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, बहुतेक पुण्याकडचे, फार स्वच्छ बोलायचे. हात उघडून पाहिला आणि विचारलं, हे कशानं झालं? भाऊचे ओठ पांढरे पडले होते तरी त्यानं लगेच सांगितलं, जॅक सरकला. इतक्या सफाईनं सांगितलं की मला मायचाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. डॉक्टर माझ्या ओठाकडे पाहत होते. मला वाटलं आता मी चौकट सांगणार. जिभेवर आली सुद्धा होती.

"आबानं मारलं," मी म्हटलं. "ट्रकच्या पाट्यानं. दोनदा हातावर, एकदा खांद्यावर. माह्या ओठाले बी त्याईचंच कोपर लागलं."

आबा म्हणाले, पोरगी घाबरली हाय. डॉक्टर म्हणाले, ती घाबरलेली दिसत नाही. आबा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचं धोतर चिखलानं लडबडलेलं होतं, आणि दवाखान्यातली माणसं त्यांच्याकडे पाहत होती, कोणालाही ते आबासाहेब आहेत हे माहीत नव्हतं. पोलीस येऊन विचारून गेला. भाऊनं त्याला पुन्हा जॅकच सांगितला आणि माझ्याकडे पाहून डोळे मिटले. हात वाचला. पण मनगट पुढे कधी पूर्ण फिरलं नाही. अमरावतीच्या परीक्षेत पाना फिरवताना हात अडला आणि त्याला परत पाठवलं. पुढे त्यानं परतवाड्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, चांगलं चालवलं, पण स्वतःच्या हातानं इंजिन उघडलं नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लोक सांगतात काळ सगळं भरून काढतो. मला त्या लोकांचा राग येतो.

त्या दिवशी भाऊजवळ अकोल्याची मावशी थांबली आणि मी आबांना घेऊन परतले. गावात शिरलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती, आणि अंगणात सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं घेऊन उभी होती. सकाळची तीच माणसं. आबा उतरले तसे ते एकेक करून पुढे झाले, पानं हातात दिली आणि त्या चिखलानं भरलेल्या पायांना हात लावले. आबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. माय दारात उभी होती. ती माझ्याकडे आली आणि तिनं आधी भाऊच्या हाताचं विचारलं. मी म्हटलं, वाचला, पण वाकडा राहीन म्हनते. तिनं मान हलवली. मग आवाज खाली आणून विचारलं, डॉक्टरले काय सांगतलं? मी आवाज खाली आणला नाही. मी म्हटलं, खरं सांगतलं.

मायनं मला थोबाडीत मारली. तिनं कधी कोंबडीवर सुद्धा हात उगारला नव्हता, त्यामुळे तिला मारताही नीट येत नव्हतं, अर्धी थापड कानावर बसली. फुटलेला ओठ परत फुटला. म्हणाली, "पोराचा हात गेला, आता घर बी घालवतं काय?" आपट्याची पानं घेतलेली माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. तिच्या त्या थापडेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, पुढे कळला, आणि कळूनही मी तिला ती माफ केलेली नाही.

आबा ओसरीवर चढत होते, ते थांबले आणि मागे वळले. अगदी शांत, समजावणीच्या आवाजात म्हणाले,

"पोरीवर काहून हात उचलतं व?"

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना, ती दाराला धरून खाली बसली आणि हसत राहिली, आणि सोनं द्यायला आलेली माणसं आबांकडे न पाहता एकेक करून अंगणातून निघून गेली.